घड जिरला तो जूनमध्ये: निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षबागेचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ही बाग नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात, पालखेड डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात आहे. दोन एकर थॉमसन सीडलेस, डॉगरिज खुंटावर, ९ बाय ५ फुटांवर लागण, वाय पद्धतीचा मांडव, ओळी दक्षिणोत्तर. मालकाचं आणि गावाचं नाव मी देत नाही. त्यांना इथे आप्पा म्हणते. त्यांचा मुलगा कृषी पदवीधर आहे. फवारणीची वही आणि खताचा हिशेब त्याच्याकडे, कात्री मात्र आप्पांच्या हातात.

मी वनस्पतिशास्त्रज्ञ आहे. पान प्रकाशाचं काय करतं, किती वापरतं आणि किती वाया घालवतं, हा माझा विषय. नाशिकला आल्यावर द्राक्षाकडे वळणं ओघानेच आलं.

जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी एक गोष्ट आधी सांगायला हवी. युरोपात थंडी पडली की द्राक्षवेल पानं गाळून झोपी जाते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून तिच्या वर्षाचे दोन भाग कात्रीने पाडले जातात. एप्रिलमधली खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी आणि ऑक्टोबरच्या आसपासची गोडी छाटणी फळासाठी. कात्री दोनदा, पीक एकदा.

ऑक्टोबर छाटणीनंतर जो घड बाहेर येतो, तो त्या महिन्यात तयार झालेला नसतो. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ७० दिवसांत काडीवरच्या डोळ्यात त्याचा पाया घातला जातो. डोळ्याच्या आत एक सूक्ष्म गाठ असते. तिला पुरेसा प्रकाश, ऊब आणि साखर मिळाली तर ती घडाकडे वळते, नाही मिळाली तर बाळीकडे, म्हणजे वेल ज्याने आधार पकडते त्या तणाव्याकडे. घड आणि बाळी हे एकाच गाठीचे दोन शेवट आहेत. सायटोकायनिन गटातली संप्रेरकं तिला घडाच्या बाजूला ओढतात, जिबरेलिन बाळीच्या बाजूला. ‘घड जिरला’ असं बागायतदार ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये म्हणतात. डोळ्यात तो पुष्कळदा जूनमध्येच हरवलेला असतो.

पहिली भेट आणि माझं चुकलेलं मोजमाप

मे महिन्याच्या शेवटी आप्पांच्या मुलाचा फोन आला. आदल्या वर्षी घड कमी निघाले होते. यंदा खर्च वाढवण्याआधी पानं नीट काम करतायत का एवढं पाहून द्या, असं त्याचं म्हणणं होतं.

मी वायुविनिमय मोजणारं उपकरण घेऊन गेले. त्याच्या चिमट्यात पान धरलं की ते आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतं आणि पान किती वेगाने तो ओढून घेतंय ते सांगतं. सकाळी साडेनऊ ते अकराची वेळ, निरभ्र आभाळ. मांडवाच्या वर आलेली, उन्हातली, पूर्ण वाढलेली पानं मी निवडली. द्राक्षाचं पान उलगडल्यापासून ३० ते ४० दिवसांनी सर्वांत जोरात असतं, पुढे हळूहळू उतरतं. मी त्या वयाच्या त्यातल्या त्यात जवळची पानं घेतली. मोजमाप असंच शिकवलं जातं, कारण या वेळी आणि या पानांवर आकडा स्थिर येतो.

आकडे उत्तम आले. मी आप्पांना म्हणाले, “पानांत काही दोष नाही. बाग छान आहे.”

आता तारखा पाहा. खरड छाटणी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात झाली होती. म्हणजे मी बागेत उभी होते तेव्हा छाटणीला महिना-सव्वा महिना झाला होता. घड की बाळी, हे डोळ्यात ठरायला आठवडाभरात सुरुवात होणार होती आणि पाऊसही तेवढ्याच अंतरावर होता. सगळं सुधारायला हातात वेळ होता. माझ्या शब्दावर विसंबून आप्पांनी त्या वर्षी काड्या कमी केल्या नाहीत. पानं चांगली आहेत, तर काढायची कशाला?

नोव्हेंबरमध्ये काय दिसलं

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मुलाने मला काही फोटो पाठवले. सोबत एक शब्दही लिहिला नव्हता. फुटी निघाल्या होत्या, पानं उलगडत होती आणि जिथे घड दिसायला हवा तिथे बाळी होती. काही फुटींवर गोळी घड, म्हणजे वाटाण्याएवढा गोळा होऊन बसलेला घड. तो पुढे काही कामाचा नसतो.

मी दुसऱ्या दिवशी गेले. आप्पा ओळीच्या तोंडाशी उभे होते. त्यांनी एवढंच विचारलं, “मॅडम, पानं तर चांगली होती ना?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधण्यासाठी पुढचं सगळं केलं.

घड कमी आले म्हणून द्राक्षबागेचा खर्च कमी होत नाही. डाउनी आणि भुरी या बुरशीजन्य रोगांवरच्या फवारण्या तेवढ्याच, मजुरी तेवढीच, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता तेवढाच. त्या वर्षी त्या घरात एका लग्नाची बोलणी पुढे ढकलली गेली, हे मला फार नंतर कळलं.

त्या दिवशी मी ओळीतून फिरत काड्या मोजत होते. बागेत पेठ-सुरगाण्याकडून आलेली मजुरांची टोळी काम करत होती. त्यांतल्या एका मावशींनी मला विचारलं की काय मोजताय. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “ताई, आतली काडी पिकतच नाही या बागेत. कात्री लावली की हाताला कळतं. बाहेरची कडक लागते, आतली हिरवी. आत हात घातला की अंधार.”

मग मी बाहेरच्या आणि आतल्या काड्या वेगळ्या मोजायला लागले. मांडवाच्या कडेला, उन्हाकडे असलेल्या काड्यांना घड होते. एकमेकींवर पडलेल्या आतल्या काड्यांना बहुतेक बाळ्या. बाग वांझ नव्हती, बागेचं पोट वांझ होतं. मी मे महिन्यात जी पानं मोजली ती सगळी उन्हातली होती.

मांडवाच्या आत काय चालतं

दुपारच्या पूर्ण उन्हात जेवढा प्रकाश पानावर पडतो, तेवढा द्राक्षाच्या पानाला वापरताच येत नाही. त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत प्रकाश मिळाला की पानाचा वेग टेकतो. त्यापुढे ऊन वाढलं तरी साखर वाढत नाही. कारण कार्बन डायऑक्साइड पकडणारं प्रथिन, रुबिस्को, फार संथ आहे. त्याचा एक कण सेकंदाला जेमतेम तीनेक वेळा काम करतो. शिवाय साधारण पाचातून एकदा तो कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडतो, मग ती चूक निस्तरण्यात पानाची बनवलेली साखर आणि ऊर्जा जाते. उष्णता वाढेल तशी ही चूक वाढते. ऊस, मका, बाजरी यांनी यावर आतल्या आत उपाय शोधलेला आहे, द्राक्षाने नाही. निफाडच्या मे महिन्यातल्या ४० अंशांत द्राक्षाच्या पानाचं जे होतं ते उसाच्या पानाचं होत नाही.

वरचं पान मात्र, वापरता येवो न येवो, अंगावर पडलेल्या उपयोगी प्रकाशातला ९० टक्क्यांच्या आसपास प्रकाश शोषून घेतं. त्याच्याखालच्या पानाला उरलेला दहावा हिस्सा, त्याच्याही खालच्याला त्याचा दहावा. तिसऱ्या थरातलं पान स्वतःच्या श्वसनापुरती साखरसुद्धा धड बनवत नाही. ते हिरवं दिसतं, जिवंत असतं, आणि वेलीकडून घेत राहतं. त्याच्या बेचक्यातला डोळा त्याच अंधारात बसलेला असतो.

अशा दाट मांडवात आतल्या पानांना जे ऊन मिळतं ते तुकड्या-तुकड्यांनी. वारा आला, वरचं पान हललं, कवडसा पडला, गेला. इथे मला माझ्याच विषयातलं काम आठवायला हवं होतं. जास्त ऊन पडलं की पान स्वतःला जपण्यासाठी जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपात सोडून देतं. सावली आली तरी हे जपणं लगेच थांबत नाही, काही मिनिटं चालूच राहतं, आणि त्या वेळात हाताशी असलेला थोडा प्रकाशही वाया जातो. इलिनॉय विद्यापीठातल्या स्टीफन लाँग यांच्या गटाने तंबाखूच्या रोपात तीन प्रथिनांचं प्रमाण वाढवून हे जपणं लवकर थांबेल असं केलं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात शेतातल्या रोपांचं वाळलेलं वजन सुमारे १५ टक्क्यांनी वाढलं होतं. प्रकाशसंश्लेषण सुधारून पीक वाढवता येतं का, या जुन्या वादात तो मोठा पुरावा ठरला.

हा शोधनिबंध मी कितीदा शिकवला असेल. त्याचं मर्म हे आहे की पिकाचा दिवस बदलत्या प्रकाशात जातो, स्थिर उन्हात नाही. आणि मी आप्पांच्या बागेत गेले ती स्थिर उन्हातली पानं शोधत.

तशी सुधारलेली द्राक्षवेल आज कुणाच्या बागेत नाही. प्रकाश आत पोहोचवणं मात्र कात्रीने जमतं.

समोर असलेले पर्याय

डिसेंबरमध्ये आम्ही तिघं ओट्यावर बसलो. पहिला पर्याय मुलाने मांडला. तालुक्यातल्या एका दुकानदाराने ‘प्रकाशसंश्लेषण वाढवणारं’ टॉनिक सुचवलं होतं. बाटलीवर घटकांचा नीट उल्लेख नव्हता. मी नको म्हणाले. जे पान अंधारात आहे त्याला बाहेरून काहीही पाजलं तरी प्रकाश येत नाही.

दुसरा पर्याय वाढरोधकाचा. फुटींची वाढ थांबवायला लिहोसिन, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागेत वर्षानुवर्षं वापरलं गेलं आहे. वाढ थांबली की अन्न डोळ्यात वळतं, हे खरं आहे. पण २०१० मध्ये याच रसायनाचे अंश सापडल्यामुळे युरोपात गेलेली भारतीय द्राक्षं अडकली होती आणि नाशिकच्या बागायतदारांनी ते वर्ष अंगावर काढलं होतं. आप्पा त्यांतलेच एक. त्यांनी हा पर्याय उच्चारताच हात हलवला. यावर आम्ही पाच मिनिटंसुद्धा घालवली नाहीत.

सायटोकायनिन गटातलं ६-बीए आणि त्याच्या जोडीला युरॅसिल यांच्या फवारण्या सबकेनच्या, म्हणजे शेंडा मारल्यावर निघणाऱ्या पोटकाडीच्या, अवस्थेत करायच्या, ही इथली रूढ पद्धत आहे, आणि तिच्यामागचं शास्त्र पक्कं आहे. त्या आप्पा आधीपासून करतच होते. त्या चालू ठेवायच्या, पण त्यांच्यावर सगळा भार टाकायचा नाही, असं ठरलं.

मग काड्या कमी करायच्या. त्या बागेत एका झाडावर पन्नासच्या आसपास काड्या राखल्या जात होत्या. मी पस्तीस सुचवल्या. आप्पा गप्प झाले. मग म्हणाले, “पंधरा काड्या म्हणजे पंधरा घड. ते मी आधीच तोडून टाकू?” त्यांच्या भीतीत तथ्य होतं. काडी ठेवली तर घडाची आशा राहते, काढली तर आशाही जाते. दुसरी भीती उन्हाची. मांडव मोकळा झाला की मे महिन्यातलं ऊन थेट ओलांड्यावर, म्हणजे ज्यावर काड्या फुटतात त्या आडव्या जुन्या फांदीवर पडतं, साल तडकते, ओलांडा डागाळतो. ओलांडा गेला तर एका वर्षाचं नाही, कित्येक वर्षांचं नुकसान. मी त्यांना सांगितलं की ही भीती मी खोटी ठरवू शकत नाही.

आणि शेवटचा, मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा पर्याय: छाटणीची तारीख अलीकडे आणायची.

पहिला निर्णय: तारीख आणि पाणी

एप्रिलच्या शेवटी छाटलं की घड ठरायचे दिवस जूनच्या पहिल्या आठवड्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत येतात. तेव्हा नाशिकवर ढग असतात. दाट ढगात प्रकाश निरभ्र दुपारच्या पाव हिश्श्यावर आणि त्याखालीही उतरतो. आधीच दाट मांडव, त्यात हे आभाळ. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात छाटलं तर तेच दिवस मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत येतात, म्हणजे बराच काळ लख्ख उन्हात.

हे आप्पांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांनी उशिरा छाटायचं कारण पाणी. मार्चअखेर माल निघाला की विहीर तळाला जाते, आणि कालव्याचं आवर्तन सुटेपर्यंत थांबावं लागतं. छाटणी केली आणि पाणी नसेल तर नवी फूट मेच्या झळांत करपते. लवकर छाटणीचा सल्ला ओट्यावर बसून देणं सोपं आहे. पाणी शेतकऱ्याला आणावं लागतं.

त्यांच्याकडे शेततळं होतं. ते पाणी ते ऑक्टोबरनंतरच्या अडचणीसाठी राखून ठेवत. प्रश्न असा झाला की तळ्यातलं पाणी एप्रिलला वापरायचं आणि पुढे पाऊस तळं भरेल यावर विश्वास ठेवायचा का. या निर्णयाला दोन महिने लागले. मुलगा तयार होता, आप्पा नव्हते. शेवटी त्यांनी एकच एकर लवकर छाटायचं ठरवलं, त्यात उसाच्या पाचटाचं जाड आच्छादन घातलं आणि ठिबक पहाटे चालवलं. दुसरं एकर नेहमीच्या तारखेला.

मला दोन्ही एकर लवकर हवे होते. आज वाटतं, आप्पांचं बरोबर होतं. घरातलं राखीव पाणी पणाला लावताना अर्धंच लावावं.

दुसरा निर्णय: जुन्या ओळी ठेवायच्या का

लवकर छाटलेल्या एकरात मी आप्पांकडे एक मागणी केली. एक ओळ मोकळी करायची, शेजारची जुन्या पद्धतीने दाट ठेवायची, अशा आलटून-पालटून. नाहीतर घड वाढले तर ते कात्रीमुळे, तारखेमुळे की त्या वर्षीच्या उन्हामुळे, हे कळणार नाही.

आप्पांना हे अजिबात पटलं नाही. “तुम्हाला माहीत आहे की दाट ओळीला घड कमी येणार, तरी ती तशी ठेवायला सांगता?” मी म्हणाले, मला माहीत नाही, मला तसं वाटतं. गेल्या वर्षीही मला वाटतच होतं की पानं चांगली आहेत. त्यावर ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग आठ ओळी माझ्या म्हणून दिल्या: चार मोकळ्या, चार दाट. बाकीचा एकर त्यांच्या मर्जीप्रमाणे.

मोजमाप या वेळी वेगळं ठेवलं. प्रकाश मोजणारी दांडी घेऊन मी सकाळी सात ते संध्याकाळी सहापर्यंत दर दोन तासांनी मांडवावर, मांडवाच्या मध्यात आणि सबकेनच्या डोळ्यापाशी नोंद घेतली. पानं तिन्ही थरांतली निवडली. ढगाळ दिवस टाळले नाहीत. दुपारी दोननंतर वरच्या पानांचा वेगही कोसळतो, हे या नोंदींतून ठसठशीत दिसलं. हवा इतकी कोरडी होते की पाणी वाचवायला पान आपली छिद्रं मिटतं, आणि छिद्रं मिटली की कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही. आदल्या वर्षी मी अकरा वाजता उपकरण गुंडाळून चहाला गेले होते.

मोकळ्या ओळींत सात पानांवर शेंडा मारल्यावर निघालेल्या सबकेनवर दुपारभर कवडसे येत-जात राहिले. दाट ओळींत त्याच उंचीवर दांडीचा काटा जवळजवळ हलतच नव्हता. फेलफुटी, म्हणजे नको असलेल्या फुटी, काढायचं काम त्या वर्षीही त्याच टोळीकडे होतं. या वेळी मी मावशींना आधी विचारलं की कोणत्या काड्या काढाल. त्यांनी निवडलेल्या आणि मी खूण केलेल्या काड्या फारशा वेगळ्या निघाल्या नाहीत.

तिसरा निर्णय: जूनचं आभाळ

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ढग आले आणि आठ दिवस हटले नाहीत. मुलगा अस्वस्थ झाला. दाट ओळींवर सायटोकायनिनची एक जादा फवारणी करू, निदान त्या वाचतील, असं त्याचं म्हणणं होतं. फवारणी चुकीची नव्हती, पण फक्त दाट ओळींवर केली असती तर तुलना तिथेच संपली असती. मी त्याला म्हणाले, करायची तर आठही ओळींवर सारखी कर. तुलनेसाठी एखाद्याचं पीक धोक्यात घालायचा हक्क मला नव्हता, त्यामुळे फवारणी करूच नको असं मी म्हणू शकत नव्हते. त्याने सगळीकडे सारखी केली.

निष्पत्ती

सप्टेंबरमध्ये काडी तपासणीला नमुने दिले. डोळा उभा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि कितव्या डोळ्यात घड आहे ते सांगतात. मोकळ्या ओळींतल्या काड्यांमध्ये घड असलेले डोळे स्पष्टपणे जास्त होते. दाट ओळींत बाहेरच्या काड्या चांगल्या, आतल्या रिकाम्या, म्हणजे आदल्या नोव्हेंबरला दिसलं होतं तसंच. या अहवालाचा एक उपयोग आम्ही लगेच केला. दाट ओळींत घडाचा डोळा जिथे सापडला त्याच्या वर कात्री मारली, काडी नेहमीपेक्षा लांब ठेवली. तपासणी न करता नेहमीच्या उंचीवर छाटलं असतं, तर होते ते घडही कचऱ्यात गेले असते.

नोव्हेंबरमध्ये आप्पांनी स्वतः घड मोजले. मोकळ्या ओळींत काड्या कमी असूनही झाडामागे घड जास्त होते. उशिरा छाटलेल्या दुसऱ्या एकरात सर्वांत कमी. तारखेचा परिणाम तिथे दिसला, पण ते एकर वेगळं, त्याची जमीनही थोडी हलकी, म्हणून त्यावर मी ठाम बोलत नाही. आठ ओळींबद्दल बोलते.

मोकळ्या ओळींत भुरी कमी आली, हा फायदा आम्ही मोजायचं ठरवलंच नव्हतं. फवारा आतपर्यंत पोहोचत होता आणि ऊनही, हे त्याचं कारण असावं. तोटाही झाला. पश्चिमेकडच्या बाजूला, जिथे दुपारनंतरचं ऊन थेट येतं, तिथे काही ओलांड्यांची साल तडकली. आप्पांची भीती तेवढी खरी ठरली.

मग माल तयार होत असताना अवकाळी पाऊस झाला. मणी तडकले, मोकळ्या ओळीतलेही आणि दाट ओळीतलेही. किती वजन निघालं याची तुलना त्यात वाहून गेली. घडांची संख्या एवढाच स्वच्छ निकाल हाती राहिला.

हे फक्त आपल्याच बागेत होतं असं नाही. तंबाखूनंतर त्याच इलिनॉयच्या गटाने सोयाबीनवर तोच प्रयोग केला आणि २०२२ मध्ये तो प्रसिद्ध केला. एका हंगामात सुधारलेल्या वाणांचे दाणे सरासरी २५ टक्क्यांच्या जवळपास वाढले. पुढच्या हंगामात पीक लोळलं आणि ती वाढ दिसली नाही. त्यांनी दोन्ही वर्षं छापली, याचं मला फार मोल वाटतं. पानाने बनवलेली साखर आणि बाजारात गेलेली पेटी यांच्या मधे पाऊस, वारा, रोग, मजूर, पाणी हे सगळं उभं असतं. मी इथे घडांची गोष्ट सांगतेय, उत्पन्नाची नाही.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्या भेटीत उपकरण पेटीतच ठेवीन आणि छाटणीची वही मागेन. तारीख कळली की घड ठरायचे दिवस कळतात आणि त्या दिवसांत आभाळ कसं असणार याचा अंदाज येतो. त्यानंतर मांडवात हात घालून पाहीन. भर दुपारी मांडवाखाली जमिनीवर कवडसे दिसत नसतील तर वर कितीही सुंदर पानं असोत, आत अंधार आहे. याला उपकरण लागत नाही.

‘पानांत दोष नाही’ हे वाक्य मी म्हणणार नाही. ‘मी मोजलेल्या पानांत दोष नाही’ एवढंच माझ्याजवळ होतं. या दोन वाक्यांमधल्या फरकाची किंमत त्या घराने एका हंगामात मोजली.

ओळींच्या दोन्ही बाजू सारख्याच मोकळ्या करणं ही दुसरी चूक. पूर्वेकडे जास्त काड्या काढायला हव्या होत्या, पश्चिमेकडे कमी, म्हणजे सकाळचं ऊन आत आलं असतं आणि दुपारचं अडलं असतं. सकाळीच तर पान सर्वांत चांगलं काम करतं. हे माझ्याच नोंदवहीत होतं, पण मी ते वाचलं जुलैमध्ये.

चार-चार ओळी कमी पडल्या. एका ओळीच्या टोकाला विहिरीचा ओलावा होता, दुसरीच्या टोकाला बाभळीची सावली. कडेची झाडं मोजणीतून वगळली तेव्हा हाती फार थोडी झाडं राहिली.

आणि मजुरांना पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. त्या मावशी दर वर्षी दोन्ही छाटण्यांना त्या बागेत असतात. आतली काडी पिकत नाही हे त्यांच्या हाताला तीन-चार वर्षांपासून माहीत होतं. कुणी विचारलं नाही म्हणून त्यांनी सांगितलं नाही.

सध्या

यंदा आप्पांनी दोन्ही एकर एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात छाटले. त्या पावसाळ्यात तळं भरलं होतं, म्हणून ते शक्य झालं. झाडामागे काड्या चाळीसच्या आसपास ठेवल्या आहेत. पस्तीस मला हव्या होत्या, पंचेचाळीस त्यांना. पश्चिमेची बाजू जरा झाकलेली ठेवली आहे आणि ओलांड्यांवर पाचट पसरलं आहे.

माझी नवी मोजणी मेच्या मध्यात सुरू होईल. त्यासाठी ओळी मागायला मी गेले तेव्हा आप्पा दोन ओळींकडे बोट दाखवून म्हणाले, “या दोन दाटच ठेवल्यात. तुम्ही मागणार होताच.”